कंट्रोलचा बिल्ला

दस्तगीरमामू सगळ्यांशी गोड बोलायचा, पण बिल्ला विसरून आलेल्या माणसाला दारातूनच हाकलायचा. मग तो मामूचा सख्खा भाचा जावेद का असेना. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात अणुवीज केंद्रांना जाणारे पाईप जोडत. जोड पक्का आहे का, हे बघायला त्यातून किरण सोडून फोटो काढत. ते किरण ना दिसत ना जाणवत. अंगावर किती पडले, ते छातीवरच्या बिल्ल्यालाच ठाऊक. दर तीन महिन्यांनी बिल्ले मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिकडून आकडे यायचे. ते वाटणं, गोळा करणं, सही करून पाठवणं हे अठरा वर्षं मामूचं काम.

"माझ्या दारातून बिनबिल्ल्याचा माणूस आत गेला न्हाई," असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि ते खरं होतं हो. घोळ झाला तो तिथंच.

चार वर्षांपूर्वी देवणीकडचा संगप्पा हेल्पर म्हणून आला. ठेकेदाराचा माणूस. त्याच्या नावाचा बिल्ला मागवायला मालक रामलिंगशेठ तयार होईनात. "दोन महिन्यात पळून जाईल बघ. कशाला उगं खटाटोप?" मामूच्या जिवाला ते पटेना. मग त्याला मुंबईच्या पेटीतला तो एक बिल्ला आठवला. दरवेळी बिननावाचा यायचा, वर नुसतं 'कंट्रोल' लिहिलेलं, आणि कपाटात पडून तसाच परत जायचा.

आता आपल्याकडं कंट्रोल म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत. रेशनचं दुकान! कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी सरकारनं काढून ठेवलेलं. मामूनं तो बिल्ला संगप्पाच्या खिशाला लावला. "घे बाबा. सरकारनं गरिबाचीबी सोय केलेली हाय."

पोरं संगप्पाला कंट्रोलच म्हणायला लागली. तोही हसून कानडीत हो भरायचा, "हौदु, कंट्रोलचा माल लई टिकतो." किरणांची पेटी उचलायची, जोडाजवळ फिल्म लावायची, सगळ्यात जवळचं काम त्याचंच.

आकडे येत राहिले. आता सगळ्यांच्या नावापुढं शून्य. मामू कौतुकानं तो कागद भिंतीवर चिकटवायचा. जावेद विचारायचा, "मामू, माझा किती?" मामू म्हणायचा, "शून्य, बेटा." त्या आकड्यांसोबत दोनदा इंग्रजी पत्रंही आली होती. रामलिंगशेठनं ती वाचली आणि म्हणाले, "फायलीला लाव." मामूनं लावली.

दिवाळीनंतर संगप्पाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. महिन्याभरात मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या विशाखा मॅडमचं तपासणीला यायचं ठरलं. कुणाच्या अंगावर किती किरण पडले, हे ठरवायचं त्यांचं काम. आदल्या दिवशी रामलिंगशेठनं मामूला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम विचारतील, कंट्रोलचा बिल्ला कुठं असतो. कपाटात म्हणायचं. बस्स."

"पण शेठ, तो तर संगप्पाला..."

"तसं बोललास तर उद्यापासून घरी बसशील. शिवाय पोलीस येतील ते वेगळं. कागदावर सही कोणाची हाय, मामू?"

मामू घाबरला. एका बिल्ल्यापायी पोलीस कशाला येतील, हे त्याला उमगेना. तसा तो भित्राच.

मॅडम किनवटच्या निघाल्या. बोलणं आपल्यातलं. दहा-बारा कागद बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मामू, कंट्रोल कुठं ठेवता?"

"कपाटात, मॅडम."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मामूला राहवेना. "मॅडम, त्यो बिल्ला असतो कशासाठी?"

"अहो, थोडे किरण सगळीकडंच असतात. मातीत, आभाळात. म्हणून एक बिल्ला कामापासून लांब ठेवायचा. त्याच्यावर जेवढं पडेल, तेवढं बाकी सगळ्यांच्या बिल्ल्यांतून वजा करायचं. उरलं ते कामाचं."

मामू सातवी शिकलेला. पण वजाबाकी येत होती की त्याला! संगप्पाच्या छातीवर पडलेलं सगळं, सगळ्यांतून वजा. चार वर्षं. म्हणून शून्य. या अल्ला, म्हणून ते शून्य!

मॅडम पुढं बोलतच होत्या. "तुमच्या कंट्रोलचा आकडा भलताच येतोय. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता कपाटाजवळ किरणांची पेटी ठेवत असतील, असंच लिहावं लागेल. आणि त्या संगप्पाच्या नावावर तर काहीच नाही. बिल्लाच नव्हता म्हणे. कामामुळं आजार झाला असं मी कशावरून म्हणू?"

खिडकीतून जावेद दिसत होता. पाईपाला टेकून चहा पीत होता. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. मामूनं मॅडमच्या कागदावर हात ठेवला.

"मॅडम, खोडा ते. खोटं बोललो मी. बिल्ला कपाटात नव्हता. मी संगप्पाला दिला. मला वाटलं, रेशनसारखं असेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मूळ आकडे आमच्याकडं आहेत. नव्यानं काढू. कंट्रोलचा जो आकडा आहे, तो संगप्पाचा. पूर्ण नाव सांगा."

"संगप्पा ईश्वरप्पा बिरादार," मामू म्हणाला आणि हमसून हमसून रडला. चार वर्षांनी त्या बिल्ल्याला नाव मिळालं होतं.

दुपारपर्यंत अकरा जणांचा हिशेब झाला. एकाचंही शून्य उरलं नाही. जावेदचा आकडा दोन वर्षं मर्यादेच्या वर होता.

बाहेर जावेद वाटच बघत होता. "मामू, माझा किती?"

मामूनं कागद त्याच्यापुढं धरला. मग त्याच्या खिशावरचा बिल्ला स्वतःच्या हातानं काढून घेतला. "आता तू आत जायचं न्हाई, बेटा."

"बिल्ला लावलेला होता की, मामू," जावेद म्हणाला. "रोज लावतो की मी."