चौघांचा चढ

एसीच्या गोल बटणावरचं बर्फाचं फूल जवळजवळ पुसलं गेलं होतं — एकदोन पाकळ्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्याही दिसायच्या त्या आधीपासून ठाऊक असणाऱ्यालाच. शार्दूल रिंग रोडच्या सिग्नलला थांबून त्याकडे बघत होता. बोटाने एवढं झिजतं? बोट म्हणजे काही कानस नव्हे. पण बायकोचं, सिद्धीचं बोट प्रत्येक चढाला तिथे जायचं, न बघता, बोलणं न तोडता — पूल आला की बंद, उतरला की चालू, फोनवर आईशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असली तरीसुद्धा... छोटं इंजिन असलेल्या घरांची ही रीतच असते. चढ दिसला की एसी बंद करायचा, म्हणजे इंजिनावरचा तेवढा भार कमी होतो आणि गाडी एकदाची वर जाते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आता ते बटण त्याचं त्यालाच बंद करावं लागे, आणि गंमत अशी की त्याची गरजही उरलेली नव्हती. एकट्या माणसाला घेऊन गाडी कुठलाही पूल निमूट चढायची. तरी हात जाई.

मागच्याने हॉर्न दिला. शार्दूलने ॲक्सिलरेटर दाबला, एरवी जरा विचार करून निघणारी गाडी आज लगेच निघाली. दिसायला एसयूव्ही, उंच, रुबाबदार; आत मात्र लहान गाडीचंच इंजिन आणि त्यावर जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक गिअर. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, असं सिद्धीची आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि ती पुण्याची, तिला काहीही बोलण्याचा परवाना होता, म्हणून तो हसला होता. गाडी त्याने हौसेने घेतली होती. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला चढ ही काय चीज असते हे कुठून ठाऊक असणार... ते मडिकेरीला कळलं.

मडिकेरीच्या अलीकडे, कॉफीच्या मळ्यातून वर मुक्कामाच्या घराकडे जाणारा तो अरुंद रस्ता — गाडीत चौघं, सिद्धी, लेक आर्या, सासूबाई आणि तो, मागे बॅगा, वर पुण्याहून आणलेली बाकरवडीची पिशवी. एसी बंद केला, काचा उघडल्या, तरी गाडी मध्येच थबकली आणि मागे सरकू लागली. मग तिघी उतरल्या. उतरल्याबरोबर ती अशी सुसाट निघाली की पुन्हा थांबायची त्याला छातीच झाली नाही. थांबलो तर परत सुटायची नाही, असं म्हणत तो थेट फाटकापर्यंत गेला, आणि त्या तिघी मागून पाऊण तास चढत आल्या, सासूबाई मध्ये मध्ये दगडावर बसत. त्या रात्री सगळे हसलेच होते. खरंच हसले होते. एक वाक्य मात्र सिद्धीने पुढे कितीतरी दिवसांनी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, अगदी शांतपणे म्हटलं होतं — “तुझी गाडी आम्ही उतरलो की छान पळते, शार्दूल.”

तिला गाडीबद्दल बोलायचं नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्याचं ऑफिस, त्याच्या परदेशी वेळेच्या मीटिंगा, जेवताना कानात घातलेले ते हेडफोन — एवढं सगळं त्या वाक्यात होतं, आणि तो काही मठ्ठ नव्हता. पण बाकीच्या गोष्टींना हात कुठून घालायचा ते कळत नाही, आणि गाडी दुरुस्त करता येते. उभा जन्म ज्याने सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधून काढण्यात घालवला, तो माणूस जिथे बिघाड सापडेल तिथेच हात घालणार. नंतर सिद्धी आर्याला घेऊन पुण्याला गेली. शाळेसाठी. तिच्या कंपनीने तिथून काम करायची मुभा दिली होती. दुसरा शब्द कुणीच उच्चारला नाही. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांची दारं तेवढी लावलेली राहिली, धूळ बसू नये म्हणून.

आणि दिवाळीत ती म्हणाली होती, नाताळच्या सुट्टीत आम्ही येतो, आईलाही आणते, जाऊ कुठेतरी. तिच्यासाठी ते ‘कुठेतरी’च होतं. त्याने मनात मडिकेरी ठरवून टाकलं — तोच रस्ता, तीच चौघं, एसी चालू, आणि कुणीही उतरायचं नाही. मी वर फाटकाशी गाडी थांबवीन आणि काही बोलणार नाही. तिचं तिलाच कळेल... काय कळेल? ते त्याने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

म्हणून तो या शनिवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला निघाला होता, महांतेशच्या गॅरेजात. महांतेश निपाणीचा. गाड्यांची ताकद वाढवून देतो अशी त्याची ख्याती, आणि मराठी बोलतो हे त्याहून मोठं. आठवडाभर गाडी त्याच्याकडेच होती. प्लग बदलले, हवेची वाट साफ केली, गिअरचं तेल बदललं. आणि मग स्टिअरिंगखाली वायर जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला हिशेब नव्याने लिहिला. काल गाडी नेऊन एक दिवस चालवून बघा म्हणाला होता. आज शेवटची तपासणी.

“या की सर. काय म्हणतीया गाडी?” महांतेश लॅपटॉप काखेत मारून बाहेर आला.

“बरी आहे. सुटते पटकन.”

“खोटं सांगणार न्हाई. टर्बो असता तर मज्जा होती. हिची ताकद वाढलीया, पण स्वल्प. जास्ती ओढली तर गिअरबॉक्स ऐकायचा न्हाई, वय झालंय त्याचं.” तो बॉनेटवर थाप मारत म्हणाला. “आता भार घालून बघाय पाहिजे. किती माणसं बसत्यात हो गाडीत?”

शार्दूलच्या हातात फोन होता. सिद्धीचा मेसेज तासाभरापूर्वीच आला होता, रिंग रोडवर, त्याच सिग्नलच्या जरा पुढे, आणि त्याने तो गाडी बाजूला न घेताच वाचला होता. ‘आर्याचा क्लास सुट्टीतही चालू आहे. आईचा गुडघा धरलाय. या वेळी जमेलसं वाटत नाही. तूच ये ना दोन दिवस. विमानाने ये, उगाच गाडी काढू नकोस.’ त्यात रागाचा एक शब्द नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेलं माणूस निदान दारात तरी उभं असतं.

“चौघं,” तो म्हणाला. “आम्ही चौघं असतो.”

“सरी, चौघं तर चौघं.” महांतेशने आत वळून हाक मारली. मालोजी आला — त्याचा मेकॅनिक, आडवा धिप्पाड गडी, हात पुसत. तोही सीमेकडचाच. “ह्यो एकटाच दोन माणसांचं काम करतोय, पण आपण न्यायानं जाऊया,” म्हणत महांतेशने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या यल्लव्वालाही कन्नडमध्ये गळ घातली. यल्लव्वा त्या ओळीतल्या सगळ्या गॅरेजांना डबे पोचवायची. पुलापलीकडच्या एका दुकानाचे डबे द्यायचे राहिले होते, आयती सोय झाली. ती डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली, मालोजी तिच्या शेजारी, महांतेश पुढे, मांडीवर लॅपटॉप. मालोजी बसताच गाडी मागच्या चाकांवर खाली बसली, आणि ते शार्दूलला थेट कंबरेत जाणवलं. गाडी अशी बसलेली त्याने कितीतरी दिवसांत अनुभवली नव्हती. त्याला एकदम भरून आलं, आणि एका मेकॅनिकच्या वजनाने आपल्याला भरून यावं याची लाजही वाटली.

पुलाचा चढ सुरू झाला. त्याचा हात बटणाकडे गेला.

“र्‍हाऊ दे, सर. चालूच र्‍हाऊ दे. त्यासाठीच तर आलाय.”

त्याने पाय दाबला. इंजिनाचा सूर चढला, गिअर एक पायरी खाली आला, आणि गाडी वर निघाली — न धापता, न थबकता. पुढे एक लॉरी होती, ती मागे पडली. गार हवा चेहऱ्यावर येतच राहिली. आरशात मागची काच दिसत नव्हती. माणसं दिसत होती. मालोजीचा खांदा, यल्लव्वाचं मोठं कुंकू, आणि दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं, डब्यात आज काय आहे असलंच काहीतरी असावं, त्याला अर्धंमुर्धं कळत होतं. घरात माणसं असली की जो एक बिनमहत्त्वाचा आवाज असतो, तो. त्या आवाजासाठी आपण इंजिन खोललं, तो मनाशी म्हणाला, आणि ती गोष्ट खरी होती.

“झ्याक,” मालोजी मागून म्हणाला.

“ग्राफ बघा की सर, सरळ रेघ हाय,” महांतेश म्हणाला. पलीकडे दुकानासमोर यल्लव्वाने काचेतूनच दोन डबे दिले आणि ती उतरली नाही; तिला परतच जायचं होतं. यू-टर्न घेऊन, पुन्हा पूल चढून ते गॅरेजापाशी आले. मालोजीने दाराच्या कडीला हात घातला.

“एक मिनिट,” शार्दूल म्हणाला. “वर जाताना एक झटका लागला. दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना. तुम्हाला नाही जाणवला?”

महांतेशने स्क्रीनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. झटका कुठेच नव्हता. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांतले झटके ऐकणाऱ्याला एवढं न कळायला काय झालं.

“असंल,” तो म्हणाला. “परत जाऊया.”

दुसरी फेरी सुरू झाली. यल्लव्वाने पिशवीतून एक ज्वारीची भाकरी काढून, तिच्यावर शेंगाचटणी घालून, अर्धी पुढे केली. शार्दूलने डाव्या हाताने ती घेतली आणि स्टिअरिंगवर एक हात ठेवून खाऊ लागला. चटणी तिखट होती. ती पुढे वाकून काहीतरी विचारत होती.

“घरची मंडळी कुठं हाईत म्हणून इचारतीया,” महांतेश म्हणाला. “ही गाडी कुणासाठी एवढी सजवताय म्हणं.”

पुण्याला आहेत, येणारेत नाताळात — हे वाक्य त्याच्याकडे तयार होतं. ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, नागपूरला आईशी फोनवर त्याने ते इतक्यांदा वापरलं होतं की आता त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागत नसे. पण तोंडात भाकरी होती. ती चावेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात ते वाक्य कुठेतरी गेलं.

“पुण्याला,” तो म्हणाला. “येणार नाहीयेत. मला वाटतं, आता येणारच नाहीत.”

बोलल्याबरोबर त्याला भीती वाटली, की आता ही तिघं थांबा म्हणतील आणि उतरतील. कुणी थांबा म्हटलं नाही. महांतेशने लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं आणि मान मागे वळवून यल्लव्वाला कन्नडमध्ये एका शब्दात सांगितलं — “बरोदिल्लंत.” येणार नाहीत म्हणे. त्याचंच वाक्य. एका परक्या तोंडातून, परक्या भाषेत, कुठल्यातरी भलत्याच माणसाची बातमी असावी तसं ते गाडीत पसरलं, आणि शार्दूलने ते प्रथमच ऐकलं. सिद्धी येणार नाही. आर्या येणार नाही. गाडी कशीही चढली तरी.

“हौदा?” खरंच का, अशा सुरात यल्लव्वा म्हणाली, आणि तिने जीभ टाळ्याला लावून एवढासा आवाज केला. 

पूल उतरला. यू-टर्न जवळ येत होता, उजवीकडे लागायला हवं होतं, महांतेशही ते बघत असणार. शार्दूल मधल्याच लेनमध्ये राहिला. वळण मागे गेलं. पुढचा रस्ता रुंद होता, विमानतळाकडे जाणारा, उन्हातला. मालोजीने मागे जरा हात-पाय पसरले.  आता रडू येईल असं शार्दूलला वाटलं, तीन अनोळखी माणसांच्या देखत, चालत्या गाडीत — आणि ते येऊ नये, असं त्याला मुळीच वाटलं नाही.