चौदाव्या पानावरचं भोक

मित्रांनो, मी शाळेच्या कपाटातलं एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. मला जरूर उघडा, पण चौदाव्या पानावर जरा जपून. तिथल्या मुलीला चेहरा नाही.

छापखान्यातून निघताना होता. काळाभोर, हसरा. झाडाच्या शेंड्यावर चढून ती ढगाला हात लावत होती. कपाटभर पुस्तकांत काळी अशी ती एकटीच. वर्गाच्या बाई मनानं भल्या. दर शनिवारी मला उंच धरून कौतुकानं विचारायच्या, "बघा बरं, हिच्यासारखं आपल्या वर्गात कोण आहे?"

चाळीस माना एकदम मागच्या बाकाकडे वळायच्या. तिथल्या काळ्या मुलीची मान खाली जायची.

"डांबर!" कुणीतरी कुजबुजायचं. "हिला वर चढवा रे, काळा ढग आला समजून पाऊस पडेल!"

वर्ग खिदळायचा. बाईंना वाटायचं, मुलं गोष्टीत रमली.

मग चेहरा झिजू लागला. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना कपाटाचं दार करकरायचं. गार बोटं मला नेमकी चौदाव्या पानावर उघडायची आणि थुंकी लावलेलं खोडरबर फिरायचं. खस्स, खस्स. आधी हसू गेलं. मग नाक. डोळे शेवटपर्यंत बघत राहिले. एके दिवशी कागदच फाटला, आणि ज्या जागी ते डोळे होते तिथून एक जिवंत डोळा आरपार बघू लागला. तो मिटेचना.

"कुणाचा हा उद्योग?" शनिवारी बाई कडाडल्या.

"बाई, भूत असेल!"

"मी पुसलं," मागच्या बाकावरून आवाज आला. "ती गेली की तुम्ही विचारणार नाही ना, तिच्यासारखं कोण आहे म्हणून?"

बाई मागच्या बाकाशी गेल्या. खोडरबराचा आवाज अजून थांबला नव्हता. खस्स, खस्स. बाकाखाली खोडरबर फिरतच होतं, तिच्या स्वतःच्या मनगटावर. कातडी लालभडक सोलवटली होती.

बाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला. "चुकलं गं बाळा. माझंच चुकलं."

आता माझ्या शेजारी पुष्कळ नवी पुस्तकं आहेत. त्यांतली काळी, गोरी, गव्हाळ मुलं पोहतात, भांडतात, खोड्या काढतात. बाई कुणासारखं कोण, ते विचारत नाहीत. ती मुलगी परवा त्यांतल्याच एका खोडकर पोरावर पोट धरून हसली. खोडरबर बाईंच्या खणात कुलपाआड आहे.

तरी कधी कधी बंद कपाटात, माझ्याच पानांतून ऐकू येतं. खस्स, खस्स.

मित्रांनो, त्या भोकातून तुमचं बोट सहज आरपार जाईल. तेवढं ते कुणावर रोखू नका.