रंगीत प्रिंटर नको

प्रिंटर घ्यायचं ठरलं तेव्हा माझे सासरे म्हणाले, "छपाईतलं तुम्हाला काय कळतं? मी येतो दुकानात." हे काम आता सरळ होणार नाही, हे मी तिथेच ओळखलं.

अप्पांनी उभी हयात नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये काढली. छापून आलेले नोटांचे कागद तपासायचे, हे त्यांचं काम. रेघ केसभर सरकली किंवा रंग जरा फिका पडला की कागद बाद. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नपत्रिका आली की ते आधी ती उजेडात धरून बघतात आणि मग लग्न कुणाचं आहे ते वाचतात. जेलरोडला आमच्या गल्लीत प्रेसची माणसं पुष्कळ आहेत, पण असा नमुना एकच.

प्रिंटर हवा होता माझ्या निकितासाठी. ती तिसरीत आहे. तिच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासूनच कमजोर आहे. चष्म्याने थोडंफार निभावतं, पण पुस्तकातलं बारीक अक्षर तिला लागत नाही. अक्षर बोराएवढं मोठं असलं तर ती वाचते. मोबाईलवर पान मोठं करून दिलं तर त्या उजेडाने डोळ्यांना पाणी येतं, आणि बोटाने पान सरकवलं की ओळ हरवते. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला मोठी प्रत काढून द्यायचा, पण रोज पाच-सहा पानं घेऊन गेलं की तोंड वाकडं करायचा.

खरी काळजी पुढेच होती. निकिताने वाचणंच सोडायला सुरुवात केली होती. आम्ही वाचून दाखवायचं, तिने ऐकायचं आणि मग पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणून दाखवायचं. पाठांतर असं की कुणाला शंकाही येऊ नये. पण तिच्या बाईंना आली. त्यांनी मला शाळेत बोलावून सांगितलं, "हुशार आहे हो, पण ती वाचत नाही, ऐकते. ही सवय आत्ताच मोडली नाही, तर पुढे ती पुस्तकाला हात लावणार नाही." घरी येऊन मी भांडी घासता घासता रडून घेतलं. सोमनाथ, माझा नवरा, अंबडच्या कारखान्यात असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "कसली वाट बघतेस? प्रिंटर आण."

म्हणून मी आणि अप्पा एमजी रोडवरच्या दुकानात गेलो. मयूर नावाचा चटपटीत विक्रेता होता. त्याने सांगितलं, "ऑल-इन-वन घ्या ताई. प्रिंट, स्कॅन आणि कॉपी, तिन्ही एकात. कॉपीला मोबाईलसुद्धा लागत नाही. पुस्तक काचेवर पालथं ठेवायचं, किती मोठं हवं ते इथे सांगायचं आणि बटण दाबायचं." हे मला फार आवडलं. मी पतसंस्थेत नोकरीला जाते आणि दुपारी निकिताचा अभ्यास अप्पाच घेतात. बटण दाबण्याइतकं सोपं असेल तर त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

"लेझर घेतलात तर फक्त काळं निघेल, पण अक्षर एकदम ठसठशीत," मयूर म्हणाला. "हा दुसरा शाईच्या टाकीवाला. हा रंगीत. मात्र आठवड्यातून एखादं पान काढत राहायचं, नाहीतर शाई वाळून बसते."

त्याने एका कॅलेंडरावरच्या गणपतीची रंगीत कॉपी काढून दाखवली. अप्पांनी खिशातून भिंग काढलं. दुकानातली चार माणसं थांबून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी कागद वरून खाली, डावीकडून उजवीकडे पाहिला आणि म्हणाले, "रंग बसलाय." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पदकच म्हणायचं. आता घेऊन टाकू, म्हणून मी पर्स उघडली.

तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "म्हणजे यावर जे ठेवू, त्याची अशीच रंगीत नक्कल निघते?"

"काहीही ठेवा काका," मयूर हसत म्हणाला. "नोट ठेवून बघायची का?" आणि त्याने गमतीने पाकिटाला हात घातला.

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंग डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि ते दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बिचाऱ्या मयूरला कळेना काय झालं. मला कळलं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"अप्पा, तो चेष्टा करत होता."

"चेष्टाच लोक करतात. आधी चेष्टा, मग कुजबुज." "रोज झडती देऊन गेटाबाहेर आलोय मी. खिशात कधी कागदाचं चिटोरं निघालं नाही. आता प्रेसच्या माणसाच्या घरात रंगीत नक्कल काढायचं यंत्र? गल्लीत काय तोंड दाखवू?"

"अहो, घरोघरी असतात हे प्रिंटर!"

"घरोघरी असू देत. माझ्या घरात रंगीत नको."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर तोंड कधी पोळलंच नव्हतं आणि ताकावर फुंकर मात्र जन्मभर चालू होती. मला राग आला होता, पण भर रस्त्यात त्या म्हाताऱ्या माणसाशी किती भांडणार? पोरीला मोठं अक्षर मिळाल्याशी कारण, असा विचार करून मी काळा लेझर घेतला.

आणि खोटं कशाला बोलू, त्याने कामही झकास केलं. अप्पा दुपारी पान काढायचे, अर्ध्या पानाचं एक पान करायचे, कडा नीट सरळ आली नाही तर पुन्हा काढायचे. निकिता कागदावर नाक टेकवून वाचायची. आधी अडखळत, मग जरा बरी. एकदा बाजारात चालता चालता तिने दुकानाची मोठी पाटी मोठ्याने वाचली. मी तिथेच थांबून तिचा मुका घेतला. लाजून तिने गाल पुसला.

मग परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा आला.

शनिवार होता, मी घरीच होते. अप्पांनी नकाशाची कॉपी काढून निकितापुढे ठेवली. पुस्तकात प्रत्येक तालुका वेगळ्या रंगात होता. कॉपीत सुरगाणा राखाडी, पेठ राखाडी, निफाड राखाडी. मधल्या सीमारेषा त्या करड्यात विरून गेलेल्या.

"बागलाण दाखव बरं," अप्पा म्हणाले. "मामाचं नामपूर आहे ना तिकडे?"

निकिता कागदावर वाकली. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, कागद खिडकीकडे नेला. मग तिने तो हळूच खाली ठेवला.

"असू दे अप्पा. तुम्ही सांगा कुठे काय आहे ते. मी पाठ करते."

कुरकुर नाही, हट्ट नाही. इतक्या समजूतदारपणे बोलली की मला ते सहन होईना. मी स्वयंपाकघरातून काहीतरी खरमरीत बोलायला बाहेर आले, पण अप्पांकडे पाहिलं आणि दारातच थांबले. ते त्या करड्या कागदाकडे बघत होते.

दुपारभर ते टेबलाशी बसले. निकिताचे रंगखडू घेऊन त्यांनी त्या कॉपीवर तालुके रंगवायला घेतले. हिरवा रंग पेठमधून सुरगाण्यात शिरला, पिवळा दिंडोरीच्या बाहेर आला. शेवटी त्यांनी भिंग लावून आपलंच काम तपासलं, बराच वेळ तपासलं, आणि कागदाच्या चार घड्या घातल्या.

"उज्वला," त्यांनी मला हाक मारली. "ते दुकान संध्याकाळी उघडं असतं का?"

"असतं. पण अप्पा, गल्लीतले लोक..."

"लोकांचं मी बघतो. पोरगी डोळे असून ते मिटायला लागली आहे." ते चपला शोधायला उठले. मी पर्स घेतली.

रंगीत प्रिंटर आला. काळा माझ्या भावाने नामपूरला त्याच्या क्लाससाठी नेला. नवा कुठे ठेवायचा हे अप्पांनीच ठरवलं. आतल्या खोलीत नाही, तर बाहेरच्या खोलीत, रस्त्यावरच्या खिडकीला लागून, पडदा बाजूला सारून. जाणाऱ्या-येणाऱ्याला यंत्र दिसलं पाहिजे आणि त्यावर काय ठेवलंय तेही दिसलं पाहिजे. समोरचे मोतीराम काका, तेही प्रेसमधलेच, दुसऱ्याच दिवशी खिडकीशी आले. अप्पांनी त्यांना आत बोलावून, चहा देऊन, न विचारता सगळं सांगितलं. मोतीराम काका म्हणाले, "रंगनाथ, पोरीसाठीच घेतलास ना? मग मला कशाला पुराव्यानिशी सांगतोस?" अप्पा मान खाली घालून हसले.

त्या संध्याकाळी अप्पांनी नकाशा पुन्हा काढला. चार तुकड्यांत मोठा केला, तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि जमिनीवर पसरला. निकिता पालथी पडली. अप्पा कष्टाने तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आता बागलाण दाखव." ती नाक कागदाला लावून शोधायला लागली. वेळ जायला लागला तसा मला धीर निघेना, आणि अप्पांनाही निघेना. त्यांचं बोट आपसूक कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे सरकायला लागलं.

"सांगू नका," निकिता मान वर न करता म्हणाली. "मी बघतेय."

अप्पांनी बोट मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते थांबून राहिले.