वहीतले दोन तास

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. बिस्किटाएवढी, पिवळट, काठाला चिमट्याचा व्रण असलेली. दिसायला काही खास नाही, पण माझ्या पोटात दोन जाळी आहेत, एक रबराचं आणि एक कडक प्लास्टिकचं. दोघांत गाठ एकही नाही, तरी एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला तोडावंच लागतं. आमच्या घराण्यातलं सुरुवातीचं एक पेटंट ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी होतं, असं प्रयोगशाळेचे साहेब पाहुण्यांना ऐटीत सांगत. माझ्यावरही पेटंट आहे. सल आहे तो त्याचाच.

माझा जन्म ताईंच्या हातून झाला. ताई प्रयोगशाळेत सहायक होत्या. साहेबांनी कृती लिहून दिली होती: रबराची चकती पातळ रसायनात दोन तास भिजवायची आणि मग ओव्हनमध्ये तापवायची, म्हणजे आत मुरलेल्या रसायनाचं दुसरं जाळं तयार होतं. एका शुक्रवारी दुपारी ताईंनी मला भिजत घातलं आणि तेवढ्यात त्यांच्या मुलीच्या शाळेतून फोन आला. मुलीला ताप चढला होता. ताई हातातलं काम टाकून धावल्या आणि मला साफ विसरल्या. सोमवारी दुपारी त्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी टम्म फुगले होते.

महिन्यापूर्वीच एका फुटलेल्या बरणीवरून साहेबांनी त्यांची खरडपट्टी काढली होती. ताईंनी मला गुपचूप ओव्हनमध्ये सरकवलं आणि वहीत लिहिलं, ‘दोन तास’.

पुढे यंत्राने मला ओढलं, वाकवलं, पिळलं. मी हूं की चूं केलं नाही. साहेबांचा आनंद गगनात मावेना. पेटंटच्या अर्जात माझी कृती दोन तासांसकट गेली आणि मला काचेच्या कपाटात जागा मिळाली. खरं सांगते, मला ते आवडलं. मला तोंड नव्हतं हे कबूल, पण मिरवताना लाजही वाटली नाही.

पेटंटातली कृती अशी लिहावी लागते, की जाणकाराला ती वाचून तीच वस्तू बनवता यावी. अर्ज तपासणाऱ्यांनी तिथेच शंका काढली. साहेबांनी तशीच चकती पुन्हा बनवून दाखवायचं काम अण्णांकडे सोपवलं. अण्णा तिथले सर्वांत जुने रसायनतज्ज्ञ, घड्याळ समोर ठेवून काम करणारे. त्यांनी बरोबर दोन तास भिजवून एकोणीस चकत्या केल्या. रसायन वरच्यावरच मुरे, गाभा कोरडा राही आणि प्रत्येक चकती मधोमध तुटे. शेवटी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “अण्णा, तुमचा हात आता राहिला नाही.”

ताई तेव्हा शेजारीच काचेची भांडी धूत होत्या. त्यांनी नळ बंदसुद्धा केला नाही.

अण्णांना सामानाच्या खोलीत बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. अर्ज बुडायची वेळ आली तेव्हा कुठे ताईंनी साहेबांना खरं सांगितलं. साहेब चिडले, मग हरखले. जुन्या अर्जात नवी गोष्ट घालता येत नाही, म्हणून तीन दिवसांची कृती लिहून नवा अर्ज झाला. त्यात संशोधक म्हणून ताईंचंही नाव आलं. चुकल्या त्या संशोधक ठरल्या, आणि कृती तंतोतंत पाळणाऱ्याची आठवणही कुणाला झाली नाही.

पेटंट मिळाल्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हा ताई मान खाली घालून बसल्या होत्या. त्या रविवारी मला पर्समध्ये घालून त्या अण्णांच्या घरी गेल्या. अण्णांच्या बायकोने अण्णांपुढे अर्धाच कप चहा ठेवला. पूर्ण कप उचलायला ते हल्ली घाबरतात, असं ती हळूच म्हणाली.

ताईंनी मला अण्णांच्या तळहातावर ठेवलं. “अण्णा, तुमचा हात चुकला नव्हता. मी वहीत खोटं लिहिलं होतं.”

अण्णांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “किती वेळ भिजली होती ही?”

“तीन दिवस.”

“मग जमलं असतं मला,” अण्णा म्हणाले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर ताईंना बरं वाटलं असतं, आणि मलाही.

मित्रांनो, चुका होतात. माझा तर जन्मच चुकीतून झाला. पण चूक जशी घडली तशी लिहा, आणि त्याच दिवशी लिहा. तुमच्या वहीवर विश्वास ठेवून कुणीतरी राबणार असतं.

ताई मला तिथेच ठेवून गेल्या. अण्णा मला रोज उचलतात, दोन्ही हातांनी वाकवून बघतात आणि मी मोडत नाही. त्यांच्या त्या एकोणीस चकत्यांसारखं मीही एकदा तरी त्यांच्या हातात मोडावं, असं मला फार वाटतं.