बोलण्याचे वीस गुण

"गणित असतं तर ही वेळच आली नसती. गणिताला तोंड लागत नाही," बाबा बाकाच्या टोकाला वाकून बुटाच्या नाडीशी बोलल्यासारखे पुटपुटले.

"नाडी बांधा आणि आत गेल्यावर गप्प बसा," आई म्हणाली. "काय बोलायचं ते मी बोलते."

त्यात नवीन काही नव्हतं. त्या घरात बोलण्याचं खातं आईकडेच होतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रारकक्षात ती दिवसभर कानाला फोनचं यंत्र लावून बसायची. पलीकडून कुणी "अहो, आमच्याकडे ना परवापासून..." एवढं म्हणेपर्यंत ही म्हणायची, "नळाला पाणी नाही. पत्ता सांगा." माणूस खूश, साहेबही खूश. लोकांची वाक्यं अर्ध्यातच झेलायचा हात तिला असा काही बसला होता, की संध्याकाळी पर्सबरोबर तोही घरी यायचा.

दोघांच्या मधे मैना बसली होती. हे तिचं घरातलं नाव. ती पाळण्यात चिवचिवत असताना ठेवलं आणि पुढे ते तिच्या अंगाला बोचायला लागलं तरी बदलायचं कुणाला सुचलं नाही. आता ती नववीत होती आणि बाकाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

आईच्या मुठीत चार घड्या घातलेला कागद होता. 'मानव्यविद्या: विषयाची उद्दिष्टं आणि वर्गातील अपेक्षा.' खाली पालकांच्या सहीची जागा. काल चहा पिता पिता तिनं तो हातात घेतला. पहिलीच अपेक्षा होती, 'वर्गचर्चेत तोंडी सहभाग, गुण वीस.' तिथंच तिचं डोकं फिरलं. पुढचं वाचलंच नाही. चहा तसाच राहिला आणि कागदाच्या घड्या झाल्या.

आत बोलावणं आलं. मानव्यविद्येच्या सरांच्या खोलीत गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात छत्र्यांसारखे उभे होते. टेबलावर साय धरलेला चहा. सर उंच, बाहीला खडू लागलेला, आणि चेहऱ्यावर दिवसभर पालकांना भेटून आलेला कंटाळा.

"हे वीस गुण काढा," आईनं बसायच्या आधीच सांगितलं.

"ते काढले तर विषयात उरतं काय?" सर म्हणाले. "इतिहास काय, कथा-कविता काय, वाचून गिळून टाकायच्या गोष्टी आहेत का? एकानं मत मांडायचं, दुसऱ्यानं ते खोडायचं, तिसऱ्यानं पुरावा मागायचा. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचं म्हणणं उभं करता यावं, हेच तर उद्दिष्ट आहे."

"सगळ्यांना नाही जमत ते."

"कुणाला नाही जमत?"

झालं. बाबा नकाशांकडे बघायला लागले. आईनं पर्सची चेन उघडून बंद केली.

"ती जरा शांत आहे," आई म्हणाली.

"घसा नाजूक आहे," बाबांनी जोड दिली. गप्प बसायचं ठरलं होतं, पण हे वाक्य त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तयारच असायचं.

"हो, हो, मला कल्पना आहे," सर घाईनं म्हणाले. चर्चेचं एवढं गुणगान करणारा हा माणूस आता चहावरच्या सायीशी चमच्यानं खेळत होता. "तिची ती जी... म्हणजे त्या बाबतीत आपण सवलत देऊ. तिनं मागे बसून ऐकलं तरी चालेल."

"सवलत?" आईचा आवाज एकदम चढला. मागायला आली होती तीच गोष्ट समोर ठेवल्यावर ती जास्तच भडकली. "उपकार नकोत आम्हाला! काढायचे तर सगळ्यांचे गुण काढा. माझ्या एकट्या पोरीला उचलून बाजूला ठेवू नका. ठेवून झालंय! गेल्या शाळेत नाटकात तिला झाड केलं. पुढच्या वर्षी पुन्हा झाड. मी विचारलं तर म्हणे, या वेळी मोठं झाड आहे!"

बाबांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"मी तिला झाड केलेलं नाही," सरही तापले. "आणि ती इथे बसली आहे. तिला विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे?" ते मैनेकडे वळले. "तुला काय वाटतं?"

मैनेनं श्वास घेतला. ओठ एकमेकांवर दाबले गेले आणि तिथंच राहिले. "म... म..."

"मला नको, असं म्हणतेय ती," आई म्हणाली.

"असं ती म्हणाली?"

"मी आई आहे तिची!"

"मी... व... व..."

"वहीत लिहून देईन, असं म्हणतेय. बघा, किती समजूतदार..."

मैनेचा तळवा टेबलावर आदळला. चमचा उडून नकाशांत गेला. तिनं आईच्या हाताखालचा कागद ओढला, एकेक घडी फाडल्यासारखी उलगडली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. नख पांढरं पडेपर्यंत.

"वाच."

आईनं वाचायला घेतलं. सुरुवातीला तक्रारकक्षातल्या भरभर आवाजात, मग तो आवाज मंदावत गेला. "अपेक्षा चौथी. बोलणाऱ्याचं वाक्य... बोलणाऱ्यानंच संपवायचं. कितीही वेळ लागला तरी मधे कुणी शब्द पुरवायचा नाही."

मैनेनं ही ओळ कालच वाचली असणार, चहाच्या डागाशेजारी पडलेल्या त्या कागदावर, आई फणफणत भांडी आपटत होती तेव्हा. या वर्गात बसायला मिळावं एवढ्यासाठी आज सकाळी ती कुणी न उठवता तयार झाली होती. आणि आई तिला त्याच वर्गातून सोडवायला निघाली होती.

"अगं, पण तुला ते..." आईनं सुरुवात केली.

"अहं," बाबा म्हणाले. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी तिला अडवलं असेल. "थांब. तिला बोलू दे."

आईनं दात दातावर धरले. शब्द तिच्या तोंडात अगदी तयार होता, पोरीच्या ओठांवर पोचायच्या कितीतरी आधी. तो घरात कुणी उच्चारत नसे. डॉक्टरांसमोरसुद्धा नाही. तो तिनं गिळला आणि पदराचं टोक मुठीत आवळलं.

मैना कुणाकडेच बघत नव्हती. मान ताठ, डोळे लाल, पाण्यानं नव्हे, रागानं. अक्षर अडलं. तिनं ते सोडलं, पुन्हा धरलं. सरांची नजर सवयीनं चहाकडे गेली आणि त्यांनी ती ओढून परत आणली.

"आई," मैना म्हणाली. "मी त... त... तो... तोतरी आहे. म... मुकी नाही."