ढमीच्या मापाची झडप

मित्रांनो, दाराला दार असतं, हे तुम्ही ऐकलंय का? मी तसलंच एक दार आहे. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उघडणारं एक लाकडी दार आहे आणि त्याच्या पायाशी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, मी बसले आहे. मी एक जुनी झडप आहे. मांजराला मनाला येईल तेव्हा ये-जा करता यावी म्हणून माणसं मला दारात बसवतात. माझं पान पारदर्शक प्लास्टिकचं आहे. ते वरच्या दांडीवर झुलतं आणि खाली लोहचुंबकाची पट्टी असल्यामुळे वाऱ्याने उगाच फडफडत नाही.

माझ्या चौकटीवर, आतल्या अंगाला, एक लाल फिरकी आहे. ती चार जागी थांबते. पहिल्या जागी दोन्ही वाटा मोकळ्या असतात. दुसऱ्या जागी फक्त आत येता येतं. तिसऱ्या जागी मी पूर्ण बंद असते. चौथ्या जागी फक्त बाहेर जाता येतं. दर जागेला मी 'टक्' असा आवाज करते. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जिवावरचा प्रसंग आला तेव्हा सगळं या फिरकीवरच येऊन ठेपलं होतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. दुकानातलं मात्र चांगलं आठवतं. माझ्या शेजारच्या फळीवर उंदराचे सापळे ठेवलेले होते. मांजराच्या झडपेला उंदराच्या सापळ्यांचा शेजार देणारा तो दुकानदार भारीच विनोदी असला पाहिजे. आम्ही तिथे तीन मापांच्या होतो, लहान, मध्यम आणि मोठी. मी मोठी. आमच्याकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नसे, म्हणून मी धूळ खात पडले होते.

एके दिवशी आई, बाबा आणि त्यांची छकुली दुकानात आले. बाबांनी घरी मांजराला टेप लावून माप घेतलं होतं. ते त्यांनी दोन्ही हात फाकवून दुकानदाराला दाखवलं.

"एवढं?" दुकानदार म्हणाला. "मांजर आहे की बोकड?"

"मांजरच आहे हो. जरा खात्यापित्या घरचं आहे, इतकंच."

"तिचं नावच ढमी आहे," छकुली म्हणाली.

"मग मोठीच न्या. मध्यम नेलीत आणि मधेच अडकली, तर ना घरची ना दारची."

"कुलूपवाली हवी बरं का," आई म्हणाली. "आमच्या गल्लीत एक बोका आहे. कान फाटलाय त्याचा. दुधाच्या पातेल्यावर डोळा ठेवून असतो."

दुकानदाराने माझी फिरकी फिरवून दाखवली. टक्, टक्, टक्. छकुलीने टाळ्या वाजवल्या. माझं कौतुक झालं ते असं, आणि मी फुशारले. ढमी फक्त जाडी नव्हती, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. टेप पोटाभोवती फिरवली, आकडा वाचला, पण पोटात काय आहे याचा विचार कोणी केला नाही.

घरी आत्या वाट पाहत होत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघ्यांनी बेजार, पण जीभ अजून तरणीताठी.

"चांगल्या दाराला भोक पाडायचं?" त्या म्हणाल्या. "उद्या चोर हात घालून कडी काढेल, मग बसा बोंबलत."

"वन्सं, तिथून कडीपर्यंत हात पोचायला चोर माकडाच्या जातीचा असायला हवा," आई हसून म्हणाली.

"चोर काय आपल्या हाताचं माप कळवून येतो? आतून कुलूप लावा दाराला. आणि किल्ली खिळ्याला टांगू नका, बाबाच्या जुडग्यात राहू दे. बाकी तुमचं भोक तुम्ही सांभाळा. मी त्याला हात लावायची नाही."

तसंच ठरलं. कडीला कुलूप आलं आणि किल्ली बाबांच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवं केलं. पेन्सिलीने चौकोन आखला, कोपऱ्यांना भोकं पाडली आणि करवत चालवायला घेण्याआधी तो थांबला.

"उंची मांजराच्या पोटाच्या हिशोबाने घेतात," तो म्हणाला. "आणा बघू मांजर."

छकुलीने ढमीला दोन्ही हातांत कवळून आणलं. सुताराने तिला खालून वरून न्याहाळलं.

"हिला पोट सोडून काही आहे का? खायला कमी घाला. बघा हं, भोक मागाहून मोठं करता येतं, लहान करता येत नाही. कापू?"

"कापा," बाबा म्हणाले.

लाकडाचा भुसा पडला, कडा घासल्या गेल्या, माझ्या दोन्ही चौकटी दाराच्या दोन अंगांना आवळल्या गेल्या आणि मी घरची झाले. ढमीने दोन दिवस माझ्याकडे संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी डोक्याने ढकललं आणि मग जणू मी तिच्या आजोळची वाट असल्यासारखी ती ये-जा करू लागली. सुरुवातीला तिचं पोट माझ्या दोन्ही कडांना घासायचं. बाबा सगळ्यांना सांगायचे, "माप कसं अगदी नेमकं निघालं!"

त्याच आठवड्यात ती दिसेनाशी झाली. ओट्याखालच्या कपाटाचा तळाचा खण कित्येक वर्षं अर्धवट उघडा अडकून बसला होता. तो ना पुढे येई, ना मागे जाई. त्यात जुने पंचे ठेवलेले असत. आत्या पंचा काढायला वाकल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"अगं, इकडे ये! तुझी मांजर एकदम तिघांनी बारीक झाली बघ!"

तीन पिल्लं होती. एक पांढरं, एक कबरं आणि एक काळंभोर. सगळं घर खणाभोवती गोळा झालं. हसणं झालं, बाबांच्या मापाची थट्टा झाली. हसता हसता बाबांची नजर माझ्याकडे गेली. ढमी माझ्यातून बाहेर पडत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं जागा उरली होती. ती जागा कोणाच्या मापाची आहे, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

त्या बोक्याला गल्लीत सगळे कानफाट्या म्हणत. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं, पण याने ते कमावलंही होतं. दुधापुरता असता तर चाललं असतं. पण बोका लहान पिल्लांना मारतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. झडप परत करण्यात अर्थ नव्हता, दार तर कापून झालं होतं. म्हणून मग घरात नियम झाला. मी कायम बंद राहायचं. ढमीने नखांनी खरवडलं की कोणीतरी उठून फिरकी फिरवायची, तिला सोडायचं आणि लगेच पुन्हा बंद करायचं. आत्यांनी मात्र आपला शब्द पाळला. त्या खुर्चीत बसून टक्-टक् ऐकत, पण हात लावत नसत.

कानफाट्या रोज यायचा. माझ्यापाशी बसून वास घ्यायचा. त्याच्या श्वासाने माझ्या पानावर बाहेरून वाफ धरायची. मग तो कपाळाने ढकलायचा, एकदा, दोनदा, शांतपणे, घाई नसलेल्या माणसाने दार ठोठावावं तसा. आतून पिल्लांची चुळबुळ ऐकू आली की त्याच्या शेपटीचं टोक हलायचं. मी बंद होते, तरी मला भीती वाटायची.

त्या दिवशी आईला शाळेत शिकवायला जायला उशीर झाला होता. बाबा आणि छकुली आधीच गेले होते. ढमी बाहेर होती आणि हाका मारूनही येत नव्हती. मला बंद ठेवावं, तर पिल्लं उपाशी राहणार. सगळं मोकळं ठेवावं, तर ढमी पुन्हा भटकायला जाणार. आईने क्षणभर विचार केला आणि माझी फिरकी दुसऱ्या जागी आणली. फक्त आत.

"आली की आतच राहील," ती स्वतःशीच म्हणाली आणि पर्स उचलून पुढच्या दाराने गेली. आत्यांना सांगायचं तिच्या मनात आलंही असेल. पण आत्या या झडपेला हात लावत नाहीत, मग सांगून उपयोग काय?

मित्रांनो, आईची चिंता खोटी नव्हती. पण तिने फक्त बाहेर जाणाऱ्याचा विचार केला, आत येणाऱ्याचा नाही. आत यायची वाट एकट्या ढमीसाठी उघडता येत नाही. मी कोणाला ओळखते, हे माझ्या पानाला कळत नाही.

दुपारी माझ्यावर वाफ धरली. कपाळ टेकलं. नेहमीप्रमाणे शांतपणे त्याने ढकललं आणि मी उघडले. तो स्वतःच दचकला. मग त्याने डोकं आत घातलं, खांदे घातले, आणि मोठ्या मापाच्या झडपेतून मोठ्या मापाचा बोका अंग न घासता आत आला. माझं पान त्याच्यामागे बंद झालं.

तो सरळ खणाकडे गेला. एक बारीक किंकाळी आली. आत्या बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. गुडघे विसरून त्या धावत आल्या तेव्हा काळं पिल्लू त्याच्या तोंडात होतं. त्यांनी हाताला लागलेली चप्पल नेम धरून मारली. पिल्लू खाली पडलं. ते पुन्हा उठलं नाही.

कानफाट्या माझ्याकडे झेपावला आणि माझ्यावर आदळला. मी हलले नाही. मला हलताच येत नव्हतं. तो पुन्हा आदळला. मग वळला, कान मागे पाडून, पाठ माझ्याकडे करून गुरगुरायला लागला. आत्या खणापुढे उभ्या राहिल्या. आत दोन पिल्लं होती आणि खण काही केल्या बंद होणारा नव्हता. तिथून हलावं तर पिल्लं उघडी पडणार.

"जा ना मेल्या!" त्या केरसुणी उगारून ओरडल्या. "कोण अडवतंय तुला!"

तेवढ्यात मी पुन्हा उघडले. पिल्लाचा आवाज ऐकून ढमी आली होती. ती आत शिरली ती थेट त्याच्या अंगावर. पिल्लांना पाजून पाजून ती सुकली होती, तो तिच्या दुप्पट होता. केस उडत होते. तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. कानफाट्या पळू पाहत होता, दर खेपेला माझ्यावर आपटत होता आणि वाट नाही म्हटल्यावर तिलाच फाडत होता.

आत्या खण सोडून दाराशी आल्या आणि त्यांचा हात कडीकडे गेला. कुलूप. किल्ली बाबांच्या खिशात. मग त्यांनी खाली पाहिलं. त्याला कोण अडवतंय, हे त्यांना दिसलं.

त्या जमिनीवर बसल्या, मग पालथ्या झाल्या आणि त्या दोघांच्या झटापटीतून त्यांनी हात माझ्या फिरकीपर्यंत आणला. कानफाट्याने मनगटाला कडकडून चावा घेतला. तरी हात मागे गेला नाही.

टक्. मी पूर्ण बंद झाले. बोका आदळला आणि परतला.

"हे नव्हे," आत्या दातओठ खात म्हणाल्या. टक्.

या खेपेला मी उघडले. तो बाणासारखा बाहेर गेला. ढमी त्याच्यामागे धावली. अंगातून रक्त गळत असताना ती त्याला बाहेर गाठायला निघाली होती. आत्यांनी फिरकी एक घर मागे ओढली. टक्. ढमीचं कपाळ माझ्यावर आपटलं आणि मी बंद होते. इतक्या सुखाने मी आयुष्यात कधी बंद झाले नव्हते.

संध्याकाळी आई आली तेव्हा आत्या मला टेकून तशाच जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर ढमी होती आणि काळ्या पिल्लावर पदर पांघरलेला होता. आईने फिरकीकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि ती आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"वन्सं, मीच ती तशी लावून गेले हो."

"आणि कुलूप कोणी लावायला लावलं?" आत्या म्हणाल्या. "वाटण्या नंतर करू. आधी माझा हात बांध, मग हिला डॉक्टरकडे ने."

काळं पिल्लू अंगणात पुरलं गेलं. छकुली दोन दिवस नीट जेवली नाही. बाबांनी किल्ली जुडग्यातून काढून खिळ्याला टांगली आणि सगळं दारच नवीन करू म्हणाले.

"राहू दे," आत्या म्हणाल्या. "आता मी आहे ना."

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं पान ओरखड्यांनी भरलंय, चुंबक थकलाय, वारा आला की मी कुरकुरते. ढमी म्हातारी होऊन गेली. छकुली मोठी झाली. मध्यंतरी कोणीतरी म्हणालं की ही झडप काढून टाका, जुनाट दिसते. मला वाईट वाटलं, पण आत्यांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या अधूनमधून माझ्या दांडीला तेलाचं बोट लावतात.

मित्रांनो, कुलूप तुम्हीही लावता. दार असो, खिडकी असो, पिंजरा असो, लावण्याआधी दोन्हीकडे बघा. बाहेर कोण राहिलंय ते बघा आणि आत कोण येऊ शकेल तेही बघा. आणि ज्याला त्या दाराचं कौतुक नाही, त्यालाही ते उघडायचं कसं हे सांगून ठेवा. आम्ही वस्तू फक्त सांगितलेलं ऐकतो. काळजी तुम्हालाच करावी लागते.

रोज संध्याकाळी आत्या चौरंग ओढून माझ्यापाशी बसतात. "आले का रे सगळे?" असं विचारतात. पांढरा आणि कबरी त्यांच्या पायात घुटमळत असतात. दोघं आत आहेत हे त्यांना दिसतं, तरी त्या लगेच फिरकी फिरवत नाहीत. बोट तिच्यावर ठेवून, माझ्या धुरकट पानातून अंगणाकडे बघत त्या थोडा वेळ थांबतात. मग टक्.