हरण्यासाठी घातलेला वाद

तिने अभ्रा खसकन ओढला, तशी उशी भिंतीवर जाऊन आदळली. थोरल्या जावेची गादी उन्हात टाकायची होती. काल पहाटे थोरली गेली, पण खोलीतला औषधांचा वास काही जायला तयार नव्हता.

"सुटली हो बिचारी," दारातून शेजारीण म्हणाली. "आणि तुम्ही तरी किती करायचं? दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली!"

"हो ना. सुटली." कालपासून आलेल्या प्रत्येकाला तिने हेच उत्तर दिलं होतं.

शेजारीण वळताच तिने लेकाकडे मोर्चा वळवला. तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. घरात सगळे त्याला कौतुकाने 'प्रोफेसर' म्हणत. ती जरा तिरकसच म्हणे.

"काय रे प्रोफेसर, खरंच सुटली का ती? तुझी पुस्तकं काय म्हणतात?"

"मरण हे वरदानच, आई. दुखायला माणूस असावं लागतं. काकू नाहीच, तर दुखणार कोणाला?"

"आणि बरं वाटायला माणूस लागत नाही वाटतं?"

तो गडबडला. "तसं नव्हे... निदान पुढचे हाल तरी टळले."

"पुढे हालच होते, हे तुला कोण सांगून गेलं? गेल्या आठवड्यात तुझ्या टकलावरून हसता हसता ठसका लागला होता तिला. तेही टळलंच की!"

"आई, आधी ऐकून तर घेशील?"

ती ऐकतच होती. जन्मात कोणापुढे हार न मानलेली ही बाई आज हरायलाच बसली होती. पण पोराचा एकेक मुद्दा हातात येताच जुनेरासारखा टर्रकन फाटत होता.

गादी गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले.

"परवा संध्याकाळी म्हणाली, उद्या मला खिडकीपाशी बसवशील? माझी कंबर दुखून धरली होती. मी म्हटलं, उद्यापर्यंत राहिलात तर बसवीन."

"मग?"

"हसली. म्हणाली, राहते की गं!"

प्रोफेसरने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"तुझंच खरं आहे, आई."

एरवी एवढं वाक्य तिला महिनाभर पुरलं असतं. ती गादीच्या वळकटीवर मटकन बसली आणि समोरची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"बस. पुन्हा सांग, पहिल्यापासून," ती म्हणाली. "या खेपेला मी मध्ये बोलणार नाही."